रुपये प्राप्त झाले

चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाडीवर, मेडिकलच्या काउंटरवर तो छोटा डबा बसलेला असतो. आपण क्यूआर स्कॅन करतो, पिन टाकतो आणि डबा चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "चाळीस रुपये प्राप्त झाले." हे वाक्य नीट ऐका. अमुक रक्कम पोचली असं कबूल करणारं वाक्य म्हणजेच पावती. पण ती आपल्याला मिळालेली नाही. पैसे आपण दिले आणि पावती मिळाली ती पैसे घेणाऱ्याला.

पैसे घेणाऱ्याने देणाऱ्याला 'मिळाले' असं लिहून द्यायचं, एवढ्या एका कामासाठी हा कागद जन्माला आला होता. आता तोच मजकूर उलट्या दिशेने वाहतो. दुकानदाराला डबा का लागला हे उघड आहे. खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन जाणारे निघाले, गर्दीत प्रत्येकाच्या फोनमध्ये डोकावणं शक्य नव्हतं. त्याला पुरावा हवा होता, त्याने तो भाडं भरून बसवून घेतला. ग्राहकाच्या बाजूला असा कुठला डबा बसला? तर एक हिरवी बरोबरची खूण, एक टिंग असा आवाज आणि खाली स्क्रॅच कार्ड.

बिलाचा कागद नाहीसा होतोय याबद्दल आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, बरं झालं, झाडं वाचली. दुसरा, आमच्या वेळी कसं सगळं लेखी असायचं. दोन्ही सूर कागदाचे आहेत. मला कागदाचं विशेष कौतुक नाही. पावती हा एक लेखनप्रकार आहे आणि कवितेपेक्षा किती तरी जास्त माणसांनी तो जपून ठेवलेला आहे. तेव्हा लेखनप्रकाराला विचारतात तेच प्रश्न तिलाही विचारून बघू. कोण लिहितं, कुणाला उद्देशून लिहितं, किती प्रती निघतात आणि कुठली प्रत कुणाच्या ताब्यात राहते.

आधी शब्द. 'पावणे' या क्रियापदाची मराठीत दोन घरं आहेत. एका घरात वस्तू पावते, म्हणजे पोचते, मिळते. दुसऱ्या घरात देव पावतो. 'पोचपावती' या शब्दात तर पोचणं आणि पावणं दोन्ही एकत्र नांदतात. बोलीत मात्र पावती 'देण्या'पेक्षा 'फाडण्या'ची गोष्ट जास्त. गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं पाचशे एकची पावती आधी फाडून मग बेल वाजवतात. चौकातल्या हवालदाराचं "पावती फाडू का?" हे वाक्य प्रश्नार्थक का असतं, हे दुचाकीवाल्या प्रत्येकाला कळतं. आणि स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलली की आपण म्हणतो, त्याने माझ्या नावावर बिल फाडलं. फाडणं म्हटलं की मागे काहीतरी उरणं आलंच. पुस्तकात जे उरतं त्याला सरकारी मराठीत फार नेमका शब्द आहे, स्थळप्रत. एक प्रत जागेवर राहते, एक माणसाबरोबर जाते.

जुन्या बिलबुकाची सगळी रचना या दोन प्रतींवर उभी होती. वर मधोमध '॥ श्री ॥', खाली दुकानाचं नाव, पत्ता, मग बिल नंबर आणि तारीख, मग रकाने : तपशील, नग, दर, रुपये. पांढऱ्या पानाखाली कार्बन, कार्बनखाली गुलाबी नाहीतर पिवळं पान. दुकानदार जोर देऊन लिहायचा, कारण अक्षर खालपर्यंत उमटायला हवं. एकाच वेळी, एकाच हाताने, दोन माणसांसाठी लिहिलेला मजकूर. पांढरं पान आपलं. घरी आल्यावर ते तारेच्या आकड्यात टोचलं जायचं, लाइट बिल आणि लग्नपत्रिकांच्या सोबतीला. दुकानदार लक्ष्मीपूजनाला आपल्या वहीची पूजा करायचा. आपल्याकडे तार होती. तारेची कुणी पूजा केली नाही, पण दुकानात भांडायला जाताना माणूस देव्हाऱ्यापेक्षा आधी तारेकडे जायचा.

आणि बिलाच्या तळाशी चार अक्षरं. चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. आज हेच 'चूभूद्याघ्या' तुम्ही इंटरनेटवर लांबलचक मत मांडून झालं की शेवटी टाकता, ते मूळ हिशेबाच्या कागदाखालचं आहे. त्यातली दोन क्रियापदं बघा. चूक तुमच्या बाजूने निघाली तर तुम्ही द्या, माझ्या बाजूने निघाली तर मी देतो. हे म्हणायचं तर दोघांच्या हातात एकच मजकूर असावा लागतो. एकट्याच्याच हातात असेल तर 'द्या' तेवढं उरतं आणि 'घ्या' गळून जातं.

अर्थात याच कागदावर एक खोटारडं वाक्यही छापलेलं असायचं, अजून असतं : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं त्यात आहे, आणि बिलात मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस धरायचे असं तिथेच म्हटलंय. म्हणजे माल सदोष असेल तर या वाक्याला काही किंमत नाही. तरी ते पिढ्यान्‌पिढ्या छापलं गेलं, कारण वाचणारा ते कायदा समजून वाचायचा. पावती ही ग्राहकाची कैवारी वगैरे नव्हती. ती दुकानदारानेच लिहिलेली असायची, त्याच्या सोयीने, त्याच्या अक्षरात. फक्त एकदा हातातून सुटली की ती त्याच्या ताब्यात राहायची नाही.

२०१९ मध्ये चंदीगडला एका ग्राहकाने एका नामांकित कंपनीच्या दुकानातून बूट घेतले. बिल झालं ४०२ रुपयांचं, त्यात कागदी पिशवीचे ३ रुपये. पिशवीवर कंपनीची जाहिरात. तुमची जाहिरात तुम्ही आमच्याच पैशांत का करता, असं म्हणत तो ग्राहक मंचात गेला आणि मंचाने कंपनीला सगळं मिळून सुमारे नऊ हजार रुपये भरायला लावले. ही बातमी तेव्हा गंमत म्हणून फिरली. पण हा खटला एका ओळीवर उभा होता, आणि ती ओळ कंपनीच्याच मशीनने, कंपनीच्याच कागदावर छापून ग्राहकाच्या हातात दिली होती. पिशवीचे तीन रुपये नुसते यूपीआयने गेले असते तर त्या ४०२ मध्ये ते दिसले असते का?

आता नवीन मजकूर वाचू. काउंटरवर "मोबाइल नंबर?" असं विचारलं जातं. प्रश्नाचा सूर असा की नंबर हा जणू बिलाचाच एक रकाना. नंबर दिला की मेसेज येतो : प्रिय ग्राहक, खरेदीबद्दल धन्यवाद, आपलं बिल बघण्यासाठी इथे क्लिक करा. खाली आठ-दहा अक्षरांची अर्थहीन लिंक. ती उघडली की आधी एक ऑफर. मग पाच तारे, आमची सेवा कशी वाटली. मग तुमचे पॉइंट्स किती झाले. मग, अंगठ्याने तीन-चारदा वर ढकलल्यावर, बिल. डाउनलोडचं बटण असलं तर सगळ्यात तळाला, जिथे पूर्वी चूभूद्याघ्या असायचं.

मजकुराचा क्रमही बरंच काही सांगतो. बिलबुकातल्या बिलात पहिला दुकानदार स्वतःची ओळख आणि पत्ता देतो, म्हणजे उद्या मला कुठे शोधायचं ते. मग काय विकलं, किती घेतलं. ई-बिलात पहिलं तुमच्याकडून काय हवंय ते येतं : अभिप्राय, पुढची भेट, आणखी खरेदी. पहिल्याचा वाचक उद्या दावा घेऊन येऊ शकणारा माणूस आहे, दुसऱ्याचा वाचक उद्या पुन्हा खरेदीला येणारा. दोन्ही आपणच आहोत, पण आपल्याला कुठल्या नात्याने हाक मारली जाते हे बदललं. शिवाय या मजकुराची प्रत एकच, ती त्यांच्या सर्व्हरवर. आपल्याकडे प्रत नसून प्रत बघायची परवानगी असते. सॉफ्टवेअर बदललं, बिल पाठवणारी कंपनी बदलली, दुकान बंद झालं, तर लिंकवर बोट ठेवल्यावर काय दिसेल ते त्या दिवशीच कळणार.

नंबरचा मुद्दा इतका किरकोळ नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना सांगितलं की बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका. नंबर दिल्याशिवाय बिलच तयार होत नाही, अशा तक्रारी गेल्या होत्या. म्हणजे पैसे मोजून झाल्यावर पुराव्याची वेगळी किंमत मागितली जात होती, नंबरच्या रूपात. आता असं घर डोळ्यांसमोर आणा जिथे स्मार्टफोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात. बायकोने स्वतःच्या पैशांतून कुकर घेतला, नंबर नवऱ्याचा सांगितला. कुकरची वॉरंटी कुणाच्या हातात गेली? तारेला टोचलेलं बिल घरातल्या कुणालाही काढता यायचं. या लिंकला मालक असतो.

"पण पैसे तर यूपीआयने दिलेत, हिस्टरीत सगळं आहे" हे उत्तर मला दर वेळी ऐकू येतं, आणि खरी फसगत या उत्तरात आहे. हिस्टरी उघडून बघा. तारीख आहे, वेळ सेकंदापर्यंत आहे, बारा आकडी संदर्भ क्रमांक आहे, रक्कम आहे. काय घेतलं ते नाही. ३,२०० रुपये गेले. मिक्सरसाठी गेले, उधारी फेडायला गेले की भिशीचे गेले, हे तो मजकूर सांगत नाही, कारण ते विचारायचं त्याचं कामच नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेणं एवढंच त्याला माहीत. त्यातही क्यूआर दुकानाच्या नावाचा असेलच असं नाही. बऱ्याचदा तो मालकाच्या मुलाच्या नाहीतर भावाच्या खात्याचा असतो. मग मिक्सर जळाल्यावर तुमच्याकडे एवढाच पुरावा उरतो की अमुक एका माणसाला तुम्ही एकदा पैसे पाठवले होते. बारशाच्या आहेराचा पुरावाही अगदी असाच दिसतो.

पैसे गेल्याचा पुरावा इतका चकचकीत आणि बिनचूक झालाय की वस्तू आल्याचा पुरावा वेगळा असतो हेच आपण विसरलो. पूर्वी दोन्ही एकाच कागदावर असायचे. आता पहिला आपोआप मिळतो, म्हणून दुसरा मागायचं सुचत नाही. याचा सगळ्यात विनोदी नमुना फोनचाच. फोन चोरीला गेला तर तो ब्लॉक करायला संचार साथीवर जो फॉर्म भरायचा असतो, त्यात खरेदीचं बिल अपलोड करायला जागा असते. बिल कुठे असतं? फोनमध्ये. जुना फोन विकायला काढणाऱ्यांना ही किंमत बरोबर कळते. जाहिरातीत 'बिल-बॉक्ससकट' लिहिलं की भाव वाढतो, आणि नुसता फोन असला की घेणारा नजर बारीक करतो. मालकिणीने दिलेला जुना फोन वापरणाऱ्या घरकामाच्या बाईला उद्या कुणी विचारलं, हा तुझाच कशावरून, तर तिने काय दाखवायचं? चांगल्या कपड्यांतल्या माणसाला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, म्हणून पावतीची गरज त्याला कमी भासते.

कायदा या बाबतीत गप्प नाही. २०१९ च्या कायद्यातल्या त्याच यादीत, विहित पद्धतीने बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार जिल्हा आयोगात करायची की राज्य आयोगात, हे तुम्ही प्रत्यक्ष किती रुपये मोजलेत त्यावर ठरतं, आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सगळं 'मोजलेल्या' रकमेभोवती बांधलेलं, आणि मोजल्याची खूण बिल. जीएसटीच्या कायद्यात एक छोटी फट आहे. दोनशे रुपयांच्या आतली खरेदी असेल आणि गिऱ्हाइकाने बिल मागितलं नसेल, तर प्रत्येकाला वेगळं बिल द्यायची गरज नाही. दुकानदाराने दिवसाअखेरी सगळ्यांचं मिळून एक केलं तरी चालतं. मागितलं तर द्यावं लागतं. मागणं हा या वाक्यातला कळीचा शब्द, आणि मागायला आपल्याला लाज वाटते. रांगेत मागे चारजण असताना एकशे साठ रुपयांच्या चार्जिंग केबलचं बिल मागणारा माणूस कद्रू दिसतो. केबल आठ दिवसांत बंद पडते, पण ती बंद पडताना रांग नसते.

आणि मग कच्चं बिल. इथे समीक्षकाला खरोखर हात चोळावेसे वाटतात, कारण इतका धीट मजकूर आपल्या साहित्यातही क्वचित सापडतो. हार्डवेअरच्या, फर्निचरच्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात दुकानदार विचारतो, "पक्कं बिल हवंय का? मग जीएसटी लागेल." म्हणजे अठरा टक्के. आपण मनातल्या मनात गुणाकार करतो आणि म्हणतो, राहू द्या. मग तो एक चिठ्ठी देतो. तीवर वस्तू असतात, दर असतात, बेरीज असते, कधी 'पेड' असा शेराही असतो. वर छापलेलं असतं : 'एस्टिमेट'. अंदाजपत्रक. माल टेम्पोत चढलेला आहे, पैसे गल्ल्यात पडलेले आहेत, आणि कागद म्हणतोय की हा सगळा नुसता विचार चालू आहे. नावगाव बहुतेक नसतंच, असलं तर 'एस. ई.' असं काहीतरी. हा मजकूर स्वतःच स्वतःला नाकारतो.

या व्यवहारात आपण कर वाचवला असं आपल्याला वाटतं. दुकानदाराने मात्र आपल्यासमोर कर आणि पुरावा यांची गाठ बांधून ठेवलेली असते. पुरावा हा खरेदीतच आलेला असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्याने तो सुटा करून त्याला भाव लावला आणि आपण तो महाग म्हणून नाकारला. सहा महिन्यांनी प्लायवूडला वाळवी लागल्यावर तो एस्टिमेट घेऊन गेलात, तर तो सज्जनपणे म्हणू शकतो, "हे तर एस्टिमेट आहे." आणि कागदावर खरंच तेच लिहिलेलं असतं.

सरकारला हे सगळं माहीत आहे. म्हणून तर १ सप्टेंबर २०२३ पासून 'मेरा बिल मेरा अधिकार' ही योजना आसाम, गुजरात, हरियाणा आणि काही केंद्रशासित प्रदेशांत सुरू केली गेली. किमान दोनशे रुपयांचं जीएसटी बिल ॲपवर चढवा, सोडतीत भाग घ्या, मोठं बक्षीस एक कोटीचं. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. कल्पना नवी नाही, तैवानमध्ये १९५१ पासून पावतीच लॉटरीचं तिकीट आहे. नावात 'अधिकार' असला तरी या योजनेतल्या बिलाचा वाचक करखातं आहे. दुकानदाराने विक्री लपवू नये म्हणून गिऱ्हाइकाला बक्षिसाच्या आशेने पाळतीवर बसवायचं. त्यात गैर काही नाही, कर बुडू नये हे बरंच. पण बिल जपायचं कारण 'लागली तर लॉटरी' हे झालं की 'बिघडली तर वस्तू' हे कारण मागे पडतं, आणि माझ्या मते पावतीचं मूळ काम हे दुसरंच आहे.

झाडांच्या मुद्द्याला बगल देता येणार नाही, कारण तो खरा आहे. मॉलमधलं गुळगुळीत बिल म्हणजे थर्मल कागद. त्यात शाई नसते. कागदावरच्या रसायनाला उष्णता लागली की ते काळं होतं. म्हणूनच ते उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं की काही महिन्यांत कोरं होतं. कायदा दोन वर्षं देतो आणि अक्षर पहिला उन्हाळाही काढत नाही. त्या थरात बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरलं जातं, म्हणून युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात ते जवळजवळ बंद केलं. असा कागद नाहीसा झाला तर अश्रू ढाळायचं कारण नाही. फ्रान्सने १ ऑगस्ट २०२३ पासून दुकानात आपोआप पावती छापणं थांबवलं. पण तिथल्या नियमात दोन गोष्टी आहेत ज्या आपल्याकडच्या 'पेपरलेस' पोस्टरवर दिसत नाहीत. गिऱ्हाइकाने मागितली तर पावती छापून द्यावीच लागते, नंबर देण्याची अट नाही. आणि ज्या टिकाऊ वस्तूंना कायद्याने हमी आहे, त्यांची पावती आपोआपच छापली जाते. आपल्याकडे झाडाचं चित्र लावून जे वाचवलं जातं त्यात कागदाचा रोल, रांगेचा वेळ आणि भांडायला येणारं गिऱ्हाईक, तिन्ही येतात. ई-बिलाला माझी हरकत नाही. लिंकऐवजी पीडीएफ द्या, नंबरऐवजी काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून उतरवून घेऊ द्या, म्हणजे प्रत पुन्हा दोन होतील. तंत्रज्ञानाला हे अवघड नाही. ज्याला डब्यातून आवाज काढता आला त्याला हे जमेल.

इथपर्यंतची उदाहरणं मिक्सर, बूट, केबल अशी होती. वस्तू बिघडली तरी निदान ती समोर असते. जिथे वस्तूच उरत नाही अशी एक खरेदी महाराष्ट्रात दर जूनमध्ये लाखो माणसं करतात. बियाण्याची.

दर खरिपाच्या तोंडावर कृषी विभाग शेतकऱ्यांना सांगतो : पक्की पावती घ्या, पावतीवर पीक, वाण, लॉट नंबर, कंपनी आणि किंमत लिहून घ्या, विक्रेत्याची सही घ्या. पिशवी वरच्या बाजूने न फोडता खालून फोडा म्हणजे टॅग आणि लेबल शाबूत राहील. पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपा. मॉलमधल्या कुठल्याही बिलापेक्षा ही पावती वाचायला जास्त गुंतागुंतीची आहे. तिच्यातला लॉट नंबर हा एकाच वेळी पिशवीवर, टॅगवर आणि कागदावर असावा लागतो, आणि तिन्ही ठिकाणी तोच असावा लागतो. विक्रेत्याने बियाणं विकताना पावती दिलीच पाहिजे हे १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशापासून लिहिलेलं आहे.

कारण उघड आहे. पेरलं की माल मातीत गेला. नाही उगवला तर दाखवायला काळं रान आहे, आणि काळं रान हे न पेरलेल्या रानासारखंच दिसतं. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलं नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, तालुका समित्या बांधावर गेल्या, पंचनामे झाले, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बांधावर आलेल्या समितीपुढे शेतकऱ्याने काय धरायचं? कागद आणि रिकामी पिशवी. बियाणं कंपन्यांचा जुना युक्तिवाद असा की शेतकऱ्याने नमुना ठेवला नाही, मग तपासणार काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात यावर उत्तर दिलं : शेतकरी बियाणं पेरायला घेतो, पुढे कधी तपासणीला लागेल म्हणून त्यातलं काही बाजूला ठेवावं अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. आणि शेतकरी हा ग्राहकच आहे, तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. मुठीतल्या बियाण्याची अट कोर्टाने काढली. बियाणं नाही, नमुना नाही, पीक नाही. म्हणजे उरला तो सगळा भार पावतीवर.

आणि ही पावतीही सरळ असतेच असं नाही. कापसाच्या एखाद्या वाणाला मागणी आली की कृषी केंद्रापुढे पहाटेपासून रांग लागते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ४७५ ग्रॅमच्या बीजी-२ कापूस बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ८६४ रुपये ठरवली होती. टंचाईच्या दिवसांत पाकीट त्या भावाला मिळत नाही. वरचे पैसे रोख लागतात. त्यासाठी क्यूआर पुढे केला जात नाही, डबा काही बोलत नाही. पावती फाडली जाते ती ठरवून दिलेल्या किमतीचीच, नंबरासकट, सहीसकट, कायद्याला हवी तशी. खतांमध्ये 'लिंकिंग' असतं, युरिया हवा तर सोबत न मागितलेली दुसरी पिशवी घ्या. त्याचं बिल तर अगदी पक्कं मिळतं, जणू शेतकऱ्याने ती पिशवी स्वतःहून निवडली. कच्च्या बिलात झालेला व्यवहार झालाच नाही असं लिहिलेलं असतं. इथे वाईट झालेला व्यवहार चांगला झाला असं लिहिलेलं असतं, आणि खाली घेणाऱ्याची सहीही असते.

तरीही शेतकरी ही पावती घेतो. वरच्या पैशांचा विषय तो काढत नाही, काढून उपयोग नाही हे त्याला ठाऊक असतं. काउंटरवरून बाजूला सरकतो, पाकीट उजेडात धरतो आणि लॉट नंबरचा एकेक आकडा पावतीवरच्या आकड्याशी ताडून बघतो. मग दोन्ही एकाच कॅरीबॅगमध्ये घालून तिला गाठ मारतो. पाकीट चार दिवसांत रिकामं होणार असतं, पिशवी दिवाळीपर्यंत आढ्याला लटकते.